फ्लोअर आणि सीलिंग एकाच सूत्रात आले, तर आलेख कसा काढावा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळ, चोपडा, शिरपूर, साक्री अशा गावांतून अकरावी-बारावीची आणि प्रवेश परीक्षांची तयारी करणारे विद्यार्थी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नुसत्या ⌊क्ष⌋ चा आलेख बहुतेकांना येतो. अडचण सुरू होते ती एकाच सूत्रात फ्लोअर आणि सीलिंग दोन्ही आल्यावर, म्हणून पहिले दोन-तीन प्रश्न सोडले तर सारा भर त्यावरच आहे. खाली क्ष ही कोणतीही वास्तव संख्या आहे आणि म हा कोणताही पूर्णांक आहे.

फ्लोअर आणि सीलिंग म्हणजे नेमके काय?

क्षपेक्षा मोठा नसलेला सर्वांत मोठा पूर्णांक म्हणजे क्षचा फ्लोअर, आणि क्षपेक्षा लहान नसलेला सर्वांत लहान पूर्णांक म्हणजे क्षचे सीलिंग. ⌊३.७⌋ = ३ आणि ⌈३.७⌉ = ४. क्ष स्वतःच पूर्णांक असेल, तर दोन्हींची किंमत क्षच असते, आणि पुढच्या सगळ्या गमतीचे मूळ याच एका ओळीत आहे.

आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरात ज्याने उन्हाळा काढला आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मातीचे ते सपाट छप्पर खाली बसलेल्याच्या दृष्टीने छत असते, तर रात्री वर अंथरूण टाकून झोपणाऱ्याच्या दृष्टीने तीच भुई असते. पूर्णांक हे असे धाबे आहेत. दोन धाब्यांच्या मधल्या पोकळीत उभ्या असलेल्या संख्येची भुई वेगळी आणि छत वेगळे; पण संख्या नेमकी धाब्यावरच असली, तर भुई आणि छत एकच होतात.

ऋण संख्यांच्या बाबतीत नेहमी चूक का होते?

कारण आपण दशांश चिन्हापुढचा भाग खोडून टाकतो आणि त्यालाच फ्लोअर समजतो. धन संख्यांना ते लागू पडते, ऋण संख्यांना पडत नाही. ⌊−२.३⌋ = −३ आणि ⌈−२.३⌉ = −२. संख्यारेषेवर फ्लोअर नेहमी डावीकडे जातो, सीलिंग नेहमी उजवीकडे. शून्याच्या दिशेने कोण गेले, हा विचार येथे करायचाच नाही. एक्सेलमधील ‘इंट’ हे सूत्र −२.३ साठी −३ देते आणि ‘ट्रंक’ −२ देते, म्हणजे संगणकालाही हा फरक वेगळी नावे देऊनच सांगावा लागला आहे.

पाठ्यपुस्तकात चौकटी कंस असतो, येथे अर्धे कंस का?

[क्ष] ही खूण जर्मन गणितज्ञ गाउस यांनी १८०८ मध्ये वापरली आणि आपल्याकडील पुस्तकांत व प्रवेश परीक्षांत ‘महत्तम पूर्णांक फल’ या नावाने तीच चालू राहिली. फ्लोअर व सीलिंग ही नावे आणि खालचे-वरचे अर्धे कंस संगणकशास्त्रज्ञ केनेथ आयव्हरसन यांनी १९६२ मध्ये रूढ केले. एका सूत्रात दोन्ही फले असतील, तर चौकटी कंस अपुरा पडतो, म्हणून येथे अर्धे कंसच वापरले आहेत.

असा आलेख काढायला सुरुवात कोठून करावी?

पेन्सिल आलेख-कागदावर टेकवण्यापूर्वी तुटीचे बिंदू शोधावेत. ज्या क्षला कोणत्याही फ्लोअरच्या किंवा सीलिंगच्या आतली राशी पूर्णांक होते, तो क्ष तुटीचा बिंदू. ⌊क्ष⌋ असेल तर सगळे पूर्णांक. ⌊२क्ष⌋ असेल तर पूर्णांक आणि त्यांच्या मधले अर्धे. ⌈क्ष/३⌉ असेल तर केवळ ३ च्या पटी. सूत्रात जितके कंस असतील, तितक्या याद्या करून त्या एकत्र कराव्यात.

त्यानंतर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत: लगतच्या दोन तुटीच्या बिंदूंच्या मधल्या खुल्या अंतरालात फलाची किंमत काय, आणि तुटीच्या बिंदूवर स्वतः किंमत काय? फक्त फ्लोअर असताना आणि आतली राशी क्षबरोबर वाढत असताना दुसरा प्रश्न न विचारताही भागते, कारण बिंदूवरची किंमत उजवीकडच्या पायरीचीच असते. फक्त सीलिंग असताना ती डावीकडच्या पायरीची असते. दोन्ही एकत्र आले की ती कोणत्याच पायरीची नसण्याची शक्यता निर्माण होते, आणि माझ्या अनुभवात या प्रकारच्या उदाहरणांतल्या बहुतेक चुका ‘डावीकडे भरीव, उजवीकडे पोकळ’ (भरीव टोक पायरीत धरलेले, पोकळ टोक न धरलेले) हा पाठ केलेला नियम येथेही लावल्यामुळे होतात. तो नियम येथे विसरावा.

⌊क्ष⌋ + ⌈क्ष⌉ चा आलेख कसा दिसतो?

म आणि म + १ यांच्या मधे फ्लोअर म आणि सीलिंग म + १ असते, म्हणून बेरीज २म + १ येते. नेमके म वर ती २म असते. म्हणजे पायऱ्या सगळ्या विषम उंचीवर आहेत, त्यांची दोन्ही टोके पोकळ आहेत, आणि सम उंचीवर एकेकटे ठिपके आहेत: (०, ०), (१, २), (२, ४), (−१, −२) आणि असेच पुढे. हे सारे ठिपके य = २क्ष या रेषेवर येतात, आणि प्रत्येक पायरीचा मध्यबिंदूही त्याच रेषेवर येतो. आलेख काढून झाल्यावर ती रेषा हलक्या हाताने तुटक काढून पाहावी; एखादा ठिपका तिच्याबाहेर असेल, तर तो चुकलेला आहे.

विस्तार सगळे पूर्णांक असा आहे, मात्र सम पूर्णांक प्रत्येकी एकदाच मिळतात. म्हणून ⌊क्ष⌋ + ⌈क्ष⌉ = ५ या समीकरणाची उकल २ < क्ष < ३ हे अखंड अंतराल आहे, तर ⌊क्ष⌋ + ⌈क्ष⌉ = ४ ची उकल केवळ क्ष = २ आहे. आलेख डोळ्यांसमोर असेल, तर दोन्ही उत्तरे एका आडव्या रेषेने मिळतात.

वजाबाकी केली तर?

⌈क्ष⌉ − ⌊क्ष⌋ ची किंमत पूर्णांकांवर ० आणि इतरत्र सगळीकडे १ असते. य = १ ही आडवी रेषा काढावी, प्रत्येक पूर्णांकावर तिला भोक पाडावे आणि त्याच्या सरळ खाली क्ष-अक्षावर भरीव ठिपका द्यावा.

हे फल वरवर निरुपयोगी वाटते, पण रावेर-यावलकडे केळीची खोकी भरताना पाहिलेल्यांना ते लगेच ओळखू येईल. समजा एका खोक्यात १३ किलो केळी बसतात आणि माल १०० किलो आहे. पूर्ण भरलेली खोकी ⌊१००/१३⌋ = ७, आणि सगळा माल न्यायला लागणारी खोकी ⌈१००/१३⌉ = ८. फरक १, म्हणजे एक खोके अर्धवट आहे. माल नेमका १०४ किलो असेल, तर दोन्ही किमती ८ येतात, फरक ० आणि अर्धवट खोके नाही. आडव्या अक्षावर किलो घेतले, तर भोके १३, २६, ३९ अशी १३ च्या पटींवर पडतात, कारण आतली राशी तेथेच पूर्णांक होते.

गुणाकार ⌊क्ष⌋ × ⌈क्ष⌉ बद्दल काय लक्षात ठेवावे?

दोन पूर्णांकांच्या मधे किंमत म(म + १) असते: ० ते १ मध्ये ०, १ ते २ मध्ये २, २ ते ३ मध्ये ६. पूर्णांकावर ती म × म असते. १ वर डावीकडची पायरी ० वर, उजवीकडची २ वर आणि ठिपका १ वर, म्हणजे बरोबर मधोमध. २ वर पायऱ्या २ आणि ६ वर, ठिपका ४ वर. हे प्रत्येक पूर्णांकावर खरे आहे, कारण म(म − १) आणि म(म + १) यांची सरासरी म × म च येते.

ऋण बाजू वेगळी काढण्याची गरज नाही. ⌊−क्ष⌋ = −⌈क्ष⌉ असल्यामुळे क्षच्या जागी −क्ष ठेवला, की फ्लोअर आणि सीलिंग चिन्हासह जागा बदलतात आणि गुणाकार तोच राहतो; आलेख य-अक्षाभोवती सममित आहे. −१ ते ० मध्येही किंमत ० आणि ० वरही ०, त्यामुळे −१ ते १ या संपूर्ण खुल्या अंतरालात आलेख क्ष-अक्षावर सलग पडून असतो. शून्य हा तुटीच्या बिंदूंच्या यादीत असूनही तेथे तूट नाही. यादीतला प्रत्येक बिंदू तपासायचा असतो, प्रत्येकावर उडी असेलच असे नाही.

कंसांच्या आत वेगवेगळ्या राशी असतील तर? एखादे पूर्ण उदाहरण द्यावे.

फ(क्ष) = ⌊२क्ष⌋ − ⌈क्ष⌉ घेऊ. पहिल्या कंसामुळे ०, ०.५, १, १.५ इत्यादी बिंदू येतात. दुसऱ्यामुळे पूर्णांक येतात, ते यादीत आधीच आहेत. क्ष एकाने वाढला, की ⌊२क्ष⌋ दोनने आणि ⌈क्ष⌉ एकाने वाढते, म्हणून फ एकाने वाढते. याचा अर्थ ० ते १ एवढाच तुकडा नीट काढला, तर उरलेला आलेख तो तुकडा एक घर उजवीकडे आणि एक घर वर सरकवत मिळतो. हे आधी पाहिले नाही, तर तेच काम दहा वेळा करावे लागते.

आता किमती पाहू. क्ष = ० वर ० − ० = ०. ० आणि ०.५ च्या मधे ० − १ = −१. क्ष = ०.५ वर १ − १ = ०. ०.५ आणि १ च्या मधेही १ − १ = ०. क्ष = १ वर २ − १ = १. पुढे सरकवलेला तुकडा सुरू होतो: १ आणि १.५ च्या मधे ०, आणि १.५ वर १.

येथे थांबून १ कडे पाहावे. डावीकडून येताना किंमत ०, उजवीकडून येतानाही ०, पण १ वर स्वतः १. कागदावर ०.५ पासून १.५ पर्यंत क्ष-अक्षावर एकच लांब पायरी दिसते, तिचे डावे टोक भरीव, उजवे पोकळ, मधोमध (१, ०) ला भोक, आणि भोकाच्या वर (१, १) ला एकटा ठिपका. दोन्ही पायऱ्या एकाच उंचीवर असल्यामुळे विद्यार्थी त्या जोडून टाकतात आणि ठिपका हरवतो. यामागचे कारण असे, की १ ओलांडताना फ्लोअर बिंदूवर पोहोचताच दोनने… नव्हे, २क्ष हा २ होताच एकाने उडी मारतो, तर सीलिंग बिंदू ओलांडल्यानंतर एकाने वाढते. वजाबाकीत आधी +१ आणि मग −१ असे होते, आणि दोहोंच्या मधे फक्त एक बिंदू उरतो. (सुरुवातीचे ‘दोनने’ मुद्दामच राहू दिले आहे. २क्ष मधला २ पाहून उडीही दोनची समजण्याची चूक माझ्याही हातून फळ्यावर झालेली आहे.)

कंसाच्या आत कंस असेल तर बाहेरून सोडवावे की आतून?

आतून. ⌊⌈क्ष⌉⌋ मध्ये बाहेरच्या फ्लोअरला काम उरत नाही, कारण आत आधीच पूर्णांक आहे, उत्तर ⌈क्ष⌉. मात्र मधे भागाकार आला, की चित्र बदलते. ⌊⌈क्ष⌉ / २⌋ पाहा. क्ष हा १ पेक्षा मोठा आणि ३ पर्यंत असेल, तर ⌈क्ष⌉ हा २ किंवा ३ असतो आणि दोन्ही वेळा उत्तर १ येते. म्हणजे पायऱ्या दोन-दोन एकक रुंद आहेत, विषम पूर्णांकांवर तुटतात, डावे टोक पोकळ आणि उजवे भरीव. आता उलट क्रमाचे ⌈⌊क्ष⌋ / २⌉ घ्यावे: १ पासून ३ च्या आधीपर्यंत किंमत १, म्हणजे पायऱ्या त्याच, उंची तीच, पण डावे टोक भरीव आणि उजवे पोकळ.

दोन्ही आलेख विषम पूर्णांक सोडून तंतोतंत जुळतात, आणि दोन्ही क्ष/२ ला जवळच्या पूर्णांकापर्यंत नेतात. फरक एवढाच, की नेमका अर्धा आला असता पहिला खाली नेतो आणि दुसरा वर. क्ष = ३ असताना क्ष/२ हा १.५ आहे, पहिला १ देतो, दुसरा २. ‘अर्धा आला तर पुढे धरावा’ हा शाळेतला नियम म्हणजे दुसरा आलेख.

सीलिंगचे रूपांतर फ्लोअरमध्ये करून काम सोपे होते का?

⌈क्ष⌉ = −⌊−क्ष⌋ हे नेहमी खरे आहे; फ्लोअरचा आलेख आरंभबिंदूभोवती अर्धा फेरा फिरवला, की सीलिंगचा मिळतो. दुसरे रूपांतर पूर्णांकांपुरते आहे: म पूर्णांक आणि ट धन पूर्णांक असेल, तर ⌈म/ट⌉ = ⌊(म + ट − १)/ट⌋. वरच्या खोक्यांत ⌊(१०० + १२)/१३⌋ = ८ बरोबर येते. परंतु वजन ९१.५ किलो असेल, तर हे सूत्र ७ सांगेल आणि खोकी प्रत्यक्षात ८ लागतील. सलग क्षचा आलेख काढताना ते वापरू नये.

पूर्णांकांना पूर्णांकांनी भागताना मिळणारा भागाकार म्हणजे फ्लोअरच, आणि भागाकारांची अशी साखळी हाच कुट्टकाचा, म्हणजे समीकरणांची पूर्णांकांतली उकल शोधण्याच्या प्राचीन भारतीय रीतीचा, गाभा आहे. ज्यांच्या ग्रंथांतून कुट्टक आपल्याकडे शिकवला गेला, त्या भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. पाटणादेवीला सहल जाते, तेव्हा तो लेख पाहून यावा.

दोन तुटक फलांपासून सलग आलेख मिळू शकतो का?

मिळतो, आणि या विषयातले माझे सर्वांत आवडते उदाहरण तेच आहे: (क्ष − ⌊क्ष⌋) × (⌈क्ष⌉ − क्ष). पहिला घटक म्हणजे भुईपासूनची उंची, दुसरा म्हणजे छतापर्यंतचे अंतर. पहिल्याचा आलेख करवतीच्या दात्यांसारखा ० पासून चढत १ च्या जवळ जातो आणि पूर्णांकावर एकदम ० वर कोसळतो. दुसरा पूर्णांक ओलांडताच १ च्या जवळून सुरू होऊन उतरत जातो. दोन्ही प्रत्येक पूर्णांकावर तुटतात.

दोन पूर्णांकांच्या मधे पहिल्या घटकाला त म्हटले, तर दुसरा १ − त होतो आणि गुणाकार त(१ − त) येतो. हा खाली तोंड असलेल्या अन्वस्ताचा तुकडा आहे. तो ० पासून चढतो, मधोमध १/४ पर्यंत जातो आणि पुन्हा ० वर येतो. पूर्णांकावर दोन्ही घटक ०, म्हणून गुणाकारही ०. म्हणजे पायऱ्या नाहीत, भोके नाहीत, ठिपके नाहीत; एकीला एक चिकटलेल्या, सारख्या उंचीच्या कमानींची अखंड रांग आहे. मात्र ‘सलग’ म्हणजे ‘गुळगुळीत’ नव्हे. प्रत्येक पूर्णांकावर डावी कमान −१ चढाने खाली येते आणि उजवी +१ चढाने वर जाते, म्हणून तेथे टोकदार कोपरा असतो आणि विकलज अस्तित्वात नसतो. कमानी काढताना पूर्णांकावर पेन्सिल वळवून गोलाई देऊ नये.

आत क्षचा वर्ग असेल तर?

तुटीचे बिंदू सारख्या अंतरावर राहत नाहीत, एवढाच फरक. ⌈क्ष × क्ष⌉ − ⌊क्ष⌋ हे ० ते २ मध्ये काढायचे असेल, तर यादी ०, १, √२, √३, २ अशी होते. √२ सुमारे १.४१ आणि √३ सुमारे १.७३. किंमत ० वर ०, ० ते १ च्या मधे १, नेमकी १ वर ०, त्यानंतर √२ पर्यंत (√२ धरून) १, √३ पर्यंत (√३ धरून) २, २ च्या आधीपर्यंत ३, आणि २ वर ४ − २ = २. पायऱ्या उजवीकडे अरुंद होत जातात. आलेख-कागदावर १ एककाला किमान ४ सेंटिमीटर घ्यावेत, नाहीतर √३ आणि २ एकमेकांत मिसळतात.

मोबाइलवर काढलेला आलेख माझ्या आलेखाशी जुळत नाही. चूक कोणाची?

पुष्कळदा दोघांचीही नसते. जिओजेब्रा किंवा डेस्मॉससारखी साधने अनेक ठिकाणच्या किमती काढून त्या जोडतात. त्यामुळे कधी दोन पायऱ्यांच्या मधे उभी रेघ दिसते, जी आलेखाचा भाग नसते, आणि एकटे ठिपके व भोके बहुधा दिसतच नाहीत, कारण एका बिंदूला पडद्यावर रुंदी नसते. ⌈क्ष⌉ − ⌊क्ष⌋ तेथे टाकून पाहावे; बहुतेक वेळा फक्त य = १ ही सरळ रेषा दिसेल. पायऱ्यांची उंची पडताळायला साधन वापरावे, तुटीच्या बिंदूंवरच्या किमती हाताने काढाव्यात.

⌊क्ष⌋ = ⌈य⌉ असा संबंध दिला असेल, तर तो आलेख कसला?

येथे य हे क्षचे फल नाही, त्यामुळे रेषा मिळणार नाहीत, क्षेत्र मिळेल. दोन्हींची किंमत म असेल, तर क्ष हा म पासून म + १ च्या आधीपर्यंत, आणि य हा म − १ च्या पुढून म पर्यंत असतो. प्रत्येक म साठी एक एकक चौरस मिळतो, आणि हे चौरस य = क्ष रेषेच्या खालून, शेतातल्या वाफ्यांसारखे, तिरक्या ओळीत कोपऱ्याला कोपरा लावून वर चढतात. प्रत्येक चौरसाची डावी आणि वरची बाजू त्यात धरलेली असते, ती सलग रेषेने दाखवावी. उजवी आणि खालची धरलेली नसते, ती तुटक. चार कोपऱ्यांपैकी फक्त डावीकडचा वरचा कोपरा, (म, म), आलेखात येतो. लगतचे दोन चौरस ज्या बिंदूवर एकमेकांना टेकतात, तो (म + १, म) हा बिंदू खालच्या चौरसाचा नाही, कारण तेथे क्ष पुढच्या घरात गेलेला असतो, आणि वरच्या चौरसाचाही नाही, कारण तेथे य अजून मागच्याच घरात असतो. तेथे पोकळ वर्तुळ काढावे.